बहात्तर तास उकळलेलं प्लाय

हिरालाल कापगतेनं पहिल्या नजरेत एखाद्या वस्तूला बरं म्हटल्याचं भिलाईत कोणाला आठवत नाही. भाजीवालीनं मेथीची जुडी पुढं केली की हा तिचा दोरा सोडून आतल्या काड्या बघायचा. दूधवाल्याच्या मापात बोट घालून तळ आत ठोकलेला आहे का ते चाचपायचा. मुलीचं, मोनाचं, लग्न ठरलं तेव्हा जावयाच्या डिग्रीची खात्री करायला त्यानं थेट कॉलेजला पत्र टाकलं. डिग्री खरी असल्याचं उत्तर आलं, तर म्हणाला, "हे पत्र कॉलेजनंच लिहिलं कशावरून?" बायको रंभा कपाळाला हात लावून आत निघून गेली. जावई पुढं चांगला निघाला, पण हिरालालनं त्याला अजून पास केलेलं नाही. बघू, म्हणतो, घाई काय आहे.

हा स्वभाव जन्माचा नव्हे, नोकरीचा. साकोलीच्या आतल्या एका खेड्यातून तो अकराव्या वर्षी काकांकडे शिकायला म्हणून भिलाईला आला, तो इथलाच झाला. पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये इन्स्पेक्शनला चिकटला आणि तेहतीस वर्षं एकच काम करत राहिला: समोर आलेल्या जाड पोलादी पत्र्यात खोट शोधायची. त्यातले कितीतरी पत्रे जहाजं बांधायला जायचे. पत्र्याच्या कोपऱ्यातून तुकडा कापायचा, लॅबकडे धाडायचा, कागद आला की पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच पत्र्यावर पांढऱ्या पेंटचा गोल काढायचा. नव्या पोरांना तो सांगायचा, "खोट सापडली नाही म्हणजे खोट नाही, असं नसते. आपल्याले सापडली नाही, एवढंच." पोरांनी त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, आणि आतून ते आवडतही होतं.

रिटायर झाल्यावर पत्रे सुटले, शंका सुटली नाही. सेक्टर सातमधलं क्वार्टर, मागं थोडं अंगण, पेरूचं झाड, आणि दिवसभर शोधायला खोट कुठली तर रंभेच्या पोळ्यांची. रंभानं ती वर्षं कशी काढली ते तिचं तिलाच माहीत.

गावी आता एकच माणूस उरलं होतं, गावातच दिलेली धाकटी बहीण मनकर्णा. नवरा आजारानं गेलेला, मूलबाळ नाही, आणि सगळा जीव दोन एकर धानात. घर गावात आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावाच्या पल्याड. सडकेनं गेलं तर अकरा किलोमीटरचा वळसा; पाण्यातून गेलं तर पाऊण तासाच्या आत घरची पोळी शेतात. त्या भागातले तलाव कोहळी समाजानं बांधले, म्हणजे आपल्याच वाडवडलांनी, हे सांगताना हिरालालची छाती फुगायची. त्याला स्वतःला मात्र पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट तो सहसा कोणाला सांगत नसे.

मनकर्णा डोंग्यातून जायची-यायची. डोंगा म्हणजे मोहाचं अख्खं खोड कोरून केलेली अरुंद होडी, सासऱ्याच्या वेळची. मागल्या कार्तिकात धानाचे भारे घेऊन येताना त्या डोंग्यात भर तलावात पाणी शिरलं. भारे गेले. ती डोंग्याच्या काठाला धरून लोंबकळत राहिली आणि मासे धरणाऱ्या कोणीतरी तिला ओढून काढलं. हे तिनं भावाला कळू दिलं नाही. पंधरा दिवसांनी गावच्या कवडूनं, त्यांच्या चुलतभावानं, फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं.

हिरालाल त्या दिवशी जेवला नाही. रंभाला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं मनकर्णाला फोन लावला. "शेती कोणाले बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाक," म्हणाला. ती म्हणाली, "दादा, तुले भिलाईत बसून बटई सुचून राहिली. मी घरी बसून काय करू, भिंती मोजू?" मग नवा डोंगा घ्यावा, तर तेवढं मोठं मोहाचं खोड आता मिळत नाही, आणि कोरणारे म्हातारेही गेले. शेवटी मोनानं पुण्याहून मोबाईलवर एक नकाशा पाठवला: सपाट बुडाची, बारा फुटांची छोटी बोट, घरी बांधता येईल अशी, प्लायवूडच्या तीन पाट्यांतून. हिरालालनं तो नकाशा छापून घेतला, आठ दिवस त्याच्यातल्या चुका शोधल्या, आणि एकही सापडली नाही म्हणून नाराज होऊन बोट बांधायचं ठरवलं.

"मनकर्णा," त्यानं फोनवर बजावलं, "बोट येईस्तोवर डोंग्यात पाय ठेवायचा नाई. सडकेनं जाय."

"हो दादा," ती म्हणाली.

एवढ्यावर तो निश्चिंत झाला. बहिणीनं हो म्हटलं, म्हणजे झालं. आता राहिलं प्लाय.

प्लाय ही वस्तूच मुळात शंकेखोर माणसाची परीक्षा बघणारी. लाकडाचे पातळ पदर एकावर एक चिकटवलेले. वरचा पदर देखणा आणि आत काय भरलंय ते देवाला आणि कारखान्याला ठाऊक. पाण्यात टिकणारं ते मरीन प्लाय, त्यावर तसा शिक्का असतो. पण शिक्का रबराचा, आणि रबराचा शिक्का सिविक सेंटरच्या मागं तासाभरात करून मिळतो, हे हिरालालला पक्कं माहीत होतं. स्वस्त प्लायला लालसर रंग फासून मरीन म्हणून विकतात, हेही त्यानं ऐकलं होतं. त्यामुळं दुकानात गेला की पहिल्यांदा अंगठा थुंकीनं ओला करून पाटीवर घासायचा आणि अंगठ्याकडे बघायचा. मग व्हर्नियर काढून चारी कोपऱ्यांची जाडी मोजायचा. मग नाण्यानं टकटक करत, कान लावून, पाटीवरून फिरायचा. दुर्गच्या एका दुकानदारानं तर त्याला विचारलं, "अंकल, प्लाय खरीद रहे हो कि डॉक्टर हो?"

त्याच दुर्गच्या दुकानातली पहिली पाटी होळीच्या सुमाराला घरी आली. शिक्का झकास, रंग झकास. हिरालालनं कोपऱ्यातून चार बोटांचा तुकडा कापला आणि स्वयंपाकघरात जाऊन रंभेचं पुरणाचं पातेलं उचललं.

"ते कावून नेऊन राहिले?" रंभानं विचारलं.

"उकळाचं आहे."

"काय?"

"प्लाय."

खऱ्या मरीन प्लायचा तुकडा बहात्तर तास पाण्यात उकळला तरी त्याचे पदर सुटता कामा नयेत, अशी चाचणी असते. हिरालालनं हिशेब मांडला: रोज आठ तास, नऊ दिवस. सकाळी आठला गॅस पेटवायचा, चारला बंद करायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली तास लिहायचे. "नवरात्र बसवलं म्हना ना," रंभा म्हणाली, आणि पुढचे दिवस एका शेगडीवर स्वयंपाक करायला लागली.

दुर्गच्या पाटीचं नवरात्र दुसऱ्याच दिवशी उठलं. दुपारी तुकडा काढून पाहिला तर भिजलेल्या पापडासारखे पदर वेगळे झाले होते. हिरालालला एवढा आनंद झाला की त्यानं तो तुकडा पिशवीत घालून शेजाऱ्यांना दाखवत फिरवला. "पाहा, मी म्हनत नव्हतो?" एकदा खरी ठरलेली शंका माणसाला शंभर खोट्या शंकांचा परवाना देते. त्या दिवसापासून त्याचं डोकं पूर्ण फिरलं, असं रंभा सांगते.

दुसरा माल रायपूरहून मागवायचा होता. दुकानदारानं आधी नमुन्याचा तुकडा पाठवला, तो नऊ दिवस उकळला आणि जसाच्या तसा निघाला. कोणीही म्हटलं असतं, झालं. हिरालाल म्हणाला, "नमुना त्याच पाटीतला कशावरून?" प्लेट मिलमध्ये नमुना पत्र्यातूनच कापला जायचा, आणि तोही इन्स्पेक्टरच्या डोळ्यांसमोर. बाहेरून आलेला नमुना म्हणजे लग्नाच्या मुलीऐवजी बापानं तिच्या बहिणीचा फोटो दाखवण्यासारखं. त्यानं तो माल घेतला नाही. एव्हाना चैत्र संपत आला होता.

तिसरं दुकान नेहरू नगरात, हायवेला लागून. तिथं चंदन बसायचा, तिशीतला, बाप प्लांटमधूनच रिटायर झालेला, घरी मराठी आणि गल्ल्यावर हिंदी. हिरालालनं त्याच्या गोदामात दोन तास काढले. चंदननं वरच्या पाट्या दाखवल्या, तर ह्यानं ढिगाच्या मधल्या तीन ओढायला लावल्या. वरच्या पाट्या दाखवायच्या असतात, खालच्या विकायच्या असतात, अशी त्याची समजूत.

"यातून कोपरा कापून दे," हिरालाल म्हणाला.

"काका, कोपरा कापला तर माल कोन घेईन? फिर तो वो मेरे गले पडेगा."

"मी घेतो तिन्ही. पन तुकडा फेल गेला तर तू वापस घेशीन."

चंदननं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. "ठीक है काका. बाबूजी सांगतात तुमचं. म्हनतात, कापगते साहेबानं पास केलेली प्लेट दरियामें भी वापस नहीं आती." हिरालालला हे ऐकून बरं वाटलं, आणि लगेच संशय आला की हा एवढं गोड का बोलतोय. त्यानं तिन्ही पाट्यांच्या मागं आपली सही केली, म्हणजे टेम्पोत चढवताना बदलायला नकोत. टेम्पोच्या मागं स्कूटरनं घरापर्यंत आला. घरी उतरवल्यावर सह्या पुन्हा पाहिल्या, सही आपलीच आहे ना ते पाहिलं.

तीन पाट्यांचे तीन तुकडे पातेल्यात पडले. बाहेर वैशाखाचं ऊन, आत आठ-आठ तास पेटती शेगडी, आणि उकळत्या प्लायचा तो डिंकासारखा उग्र वास. चहाला वास, वरणाला वास, रंभेच्या पदराला वास. तिचं डोकं ठणकायचं. पण मनकर्णासाठी चाललंय म्हणून ती काही बोलली नाही. हिरालाल सकाळी गॅस पेटवून, पातेल्यात पाणी भरून, दहाच्या सुमाराला सिविक सेंटरला जायचा. तिथं एका टपरीवर रिटायर मंडळी जमायची. साडेबाराला परत यायचा, आल्या आल्या पातेल्याचं झाकण काढून वाफ बघायचा. जेवून दोन तास झोपायचा. चारला उठून गॅस बंद करायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा: आठ.

नऊ दिवस झाले. तिन्ही तुकडे घट्ट. नखानं उचकटले, सुरीचं टोक घातलं, पदर हलेना. हिरालालनं ते दिवसभर उन्हात वाळवून पुन्हा पाहिले. मग नाइलाजानं मान्य केलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली: या वेळी सिलिंडर दहा-बारा दिवस जास्त पुरलं. रायपूरच्या तुकड्याच्या वेळी आधीच संपलं होतं. त्यानं यावर बराच विचार केला आणि निष्कर्ष काढला की गॅसवाला पोरगा इतकी वर्षं कमी भरलेलं सिलिंडर देत होता, आणि मध्ये आपण त्याच्यासमोर वजनकाटा आणून ठेवला तेव्हापासून भिऊन पूर्ण भरलेलं देतोय. हा तर्क त्यानं टपरीवर सगळ्यांना ऐकवला. सगळ्यांना पटला. रंभेवर त्याला शंका आली नाही. तिच्यावर शंका घ्यायची तर रोजच्या जेवणावरही घ्यावी लागली असती.

बोट बांधायला जोडीला सुगत मेश्राम आला. सुगत प्लांटच्या पॅटर्न शॉपमधला, तिथं ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचा, त्यामुळं हात असा बसलेला की रंधा मारला तर छिलक्याची एकच लांब गुंडाळी निघायची. पेरूच्या झाडाखाली दोघांनी काम काढलं. पाट्या कापल्या, तांब्याच्या तारेनं टाके घालून बाजू बुडाला शिवल्या, सांध्यांवर कापडी पट्टी ठेवून इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, ओतला. सुगतनं पितळी स्क्रू आणले, तर हिरालाल चुंबक घेऊन बसला. एकेक स्क्रू चुंबकाला लावून पाहिला, पितळेच्या मुलाम्याखाली लोखंड निघतं का म्हणून.

"कापगते," सुगत म्हणाला, "तीस वर्सं एका कँटीनमधी चहा पेलो आपन."

"म्हनूनच," हिरालाल म्हणाला.

सुगत दोन दिवस आला नाही. मग रंभा स्वतः त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोजवळ बसली, काय बोलली ते कोणाला कळलं नाही, पण तिसऱ्या दिवशी सुगत रंधा घेऊन हजर झाला. तेव्हापासून तो हिरालालशी कामापुरतंच बोलला. पावसाळा उतरला, इपॉक्सी ओल्या हवेत धरेना, पंधरा-पंधरा दिवस काम ठप्प व्हायचं. धरलं तरी हिरालाल एकेक सांधा पुन्हा घासायला लावायचा. दर आठवड्याला मनकर्णाला फोन व्हायचा. "सडकेनंच जाऊन राहिली ना?" "हो दादा, सडकेनंच." एकदा तिला खोकला होता, आवाज बसलेला होता. तो म्हणाला, पावसात भिजू नको. ती म्हणाली, नाही भिजत.

दसऱ्यानंतर बोट पूर्ण झाली. निळा रंग दिला. लवकर येणारं हलकं धान कापणीला आलं होतं. मनकर्णाला आता रोज भारे आणायचे होते. एका सकाळी छोट्या टेम्पोत बोट उलटी बांधली, आणि हिरालाल, रंभा दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी बसून राजनांदगाव, देवरी करत साकोलीच्या वाटेला लागली. सुगतला चल म्हटलं होतं. तो म्हणाला, "तूच पास कर. माही सही कायले पाह्यजे?" वाटभर हिरालाल दर चहाला उतरून दोऱ्या तपासत होता. रंभानं मात्र देवरीला चहाही घेतला नाही. त्यानं विचारलं, काय झालं, तर म्हणाली, गाडी लागली.

गावातल्या चार जणांनी बोट उचलून तलावाच्या काठी नेली. मनकर्णा कमरेला पदर खोचून, हातात विळा घेऊन उभीच होती. वाळली होती, पण बोटीवरून हात फिरवताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "निळी केली," म्हणाली. "मी सांगितली बी नव्हती." बोट पाण्यात सरकवली. ती डुलली आणि अलगद तरंगली. हिरालालनं आत वाकून बुडाशी हात फिरवला. कोरडं. कवडूनं वल्हं आणून दिलं. मनकर्णानं चपला काढल्या आणि एक पाय उचलला.

"थांबा मनकर्णाबाई!" रंभा ओरडली.

सगळे वळले. रंभा चिखलात साडी भिजवत पुढं आली आणि मनकर्णाचं मनगट धरलं. तिला धाप लागली होती.

"तुमी बसू नका. आधी माहं आयका." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ते प्लाय पुरं उकळलं नाई. तुमी सिविक सेंटरला गेले की मी गॅस बंद करत होती. झोपले की पुन्हा बंद करत होती. स्कूटरचा आवाज आला, तुमची कूस बदलली, की पेटवत होती. त्या वासानं मले उलट्या होत होत्या. वाटलं, पानी तर गरमच आहे, काय फरक पडते. इतके दिवस सांगावं म्हनलं, तोंडच उघडलं नाई. पन आता ह्या बसून राहिल्या, तर..."

काठावर कोणी हसलं नाही. दुर्गचा दुकानदार, रायपूरचा दुकानदार, चंदन, सुगत, गॅसवाला पोरगा, सगळ्यांना हिरालालनं उलटंपालटं करून पाहिलं होतं. कोणी फसवलं नव्हतं. फसवलं ते कॅलेंडरवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आठाच्या आकड्यांनी. त्याला राग यायला हवा होता, पण आधी भीती आली. रोजचे आठ नव्हे, फार तर साडेतीन. नऊ दिवसांत तीस तास. तीस तासांवर त्यानं बहिणीला तलावात उभं केलं होतं.

"बोट बाहेर काढा," तो म्हणाला. "वापस नेतो. उरलेले तुकडे आहेत घरी, पुन्हा उकळतो."

"किती दिवस?" मनकर्णानं विचारलं.

"नऊ दिवस."

"आन् फेल गेले तर?"

"तर दुसरं प्लाय पाहू. तोवर तू सडकेनं जाय, जशी जाऊन राहिली तशी."

मनकर्णा चार पावलं बाजूला गेली आणि बेशरमाच्या झुडपाआड दोरीनं बांधलेला जुना डोंगा ओढून समोर आणला. बुडाला हाताएवढी भेग होती. तिच्यात चिंध्या कोंबून वरून डांबर थापलं होतं. आत डालड्याचा एक गंजका डबा लोळत होता आणि धानाच्या ताज्या काड्या ओल्या पडल्या होत्या.

हिरालालनं त्या काड्या पाहिल्या. "हे कधीचं?"

"कालचं. परवाचं. आखाडापासूनचं." ती शांतपणे म्हणाली. "अकरा किलोमीटर रोज कोन चालन दादा, डोक्यावर भारा घेऊन?"

"तू तर हो म्हनली होती."

"काय म्हनू मंग? नाई म्हनली असती तर तू बोट सोडून सडक तपासाले आला असता." कवडू खाली बघून हसला. मनकर्णा हसली नाही. "तू आठ महिने प्लाय पाहून राहिला. मी आठ महिने वाट पाहून राहिली. एका हातानं वल्हं आन् एका हातानं हा डबा. दादा, तुही बोट बुडन का नाई, हे तुले नऊ दिवसानं समजन. हा डोंगा बुडते, हे मले आजच माहीत आहे."

आणि ती निळ्या बोटीत जाऊन बसली. रंभानं ओली साडी आवरली, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि धडपडत तिच्यासमोर बसली. "गॅस मी बंद केला," ती म्हणाली. "पानी आलं तर पयले माह्या पायाले लागन." मनकर्णानं वल्हं टेकवलं. बोट काठापासून सुटली. हिरालाल पाण्यात दोन पावलं गेला आणि थांबला. तिसरं पाऊल टाकायला त्याला पोहता येत नव्हतं, आणि त्याच्यासाठी कोणी थांबलंही नव्हतं.

माणसं पांगली. कवडू टेम्पोवाल्याला चहाला घेऊन गेला. काठावर हिरालाल आणि डोंगा, दोघंच राहिले. तलावात निळा ठिपका लहान होत चालला होता. त्याच्याकडे बघवेना, म्हणून तो डोंग्याकडे बघू लागला. गुडघाभर पाण्यात उभं राहून आत वाकला. चिंध्या अंगठ्यानं दाबल्या. घट्ट वाटल्या. पण वजन पडल्याशिवाय काय कळणार? दोरी मनगटाला गुंडाळून तो डोंग्यात चढला आणि जिथं मनकर्णा बसत असणार तिथं बसला. टाचेखाली काहीतरी मऊ सरकलं. चिंधी सुटली होती.

पाणी आधी बोटांना लागलं, मग घोट्यांना. त्यानं डबा उचलला आणि एका हातानं उपसू लागला. उपसलं त्याच्या दुप्पट आत येत होतं. डबा बाजूला ठेवून त्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं. डोंगा हळूहळू खाली बसत गेला आणि चिखलाला टेकला, पाणी त्याच्या कमरेला आलं. चार मिनिटं झाली होती. पल्याड जायला पाऊण तासाला थोडा कमी वेळ लागतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आखाड, श्रावण, भादवा, आश्विन. रोज जायचं, रोज यायचं.

अर्ध्या तासानं, तो अजून तसाच बसलेला असताना, खिशातला फोन वाजला. तो वरच्या खिशात होता म्हणून वाचला होता. रंभा होती.

"आयकून राहिले का? पोचलो आमी. एक थेंब आला नाई. कोरडी आहे बोट." तिचा आवाज रडवेला आणि हसरा दोन्ही होता. "तुमी रागावले का? काई तरी बोला."

"मनकर्णाले दे," तो म्हणाला.

"हा दादा," पलीकडून मनकर्णा म्हणाली. मागं विळ्याचा आवाज येत होता. ती कापणीला लागलीही होती. "काय म्हनतं?"

हिरालालला पुष्कळ म्हणायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. तुझं 'हो' एकदा तरी येऊन डोळ्यांनी पाहायला हवं होतं, असं म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. तेहतीस वर्षांत प्लेट मिलमध्ये कोणी पाहिलं नसेल असं तो रडला.

"दादा? ओ दादा, काय झालं?" मनकर्णा पलीकडून विचारत राहिली, आणि तो फोन कानाला धरून कमरेएवढ्या पाण्यात तसाच बसून राहिला.